नववीचे गणित

आठवीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारे मूल नववीच्या पहिल्या सहामाहीत एकाएकी अडखळू लागले, की घरातील वडीलधारी माणसे कारणाच्या शोधात त्याच्या मोबाइलकडे, मित्रमंडळींकडे, वयाकडे आणि आळसाकडे बोट दाखवतात. परंतु ज्या विषयात ते अडखळले त्या विषयाकडे क्वचितच कोणी निरखून पाहते. वस्तुतः त्या एका वर्षात गणिताचा स्वभावच पालटलेला असतो. तोवरचे गणित प्रायः ‘किती?’ असे विचारत असते; व्याज किती, क्षेत्रफळ किती, नफा किती, आणि योग्य सूत्र आठवून हिशेब चटकन उलगडणाऱ्याला ते शाबासकी देत असते. नववीत अपरिमेय संख्या येतात, बहुपदी येतात, युक्लिडची गृहीतके येतात, आणि त्यांच्याबरोबर ‘कशावरून?’ हा प्रश्न प्रथमच दारात उभा राहतो. ज्या मुलाने आठ वर्षे उत्तरांचीच उपासना केली, त्याला आता कारणे मागितली जातात. आणि ती मागणी बदलल्याचे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मी राहतो त्या द्वारकेत हे दृश्य घरोघर दिसते. दिल्ली विकास प्राधिकरणाने प्रथम पप्पनकलां या नावाने आखलेली ही उपनगरी बागडोला, पोचनपूर, अंबरहाई, भरथल अशा खेड्यांच्या शेतजमिनींवर उभी राहिली. आज सेक्टरांचे क्रमांक हाच येथील पत्ता आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उंच इमारती हीच येथील आळी. या इमारतींतून केंद्र सरकारच्या खात्यांतील, सैन्यातील, बँकांतील माणसे राहतात, आणि बदल्यांच्या हुकमांबरोबर इकडे येऊन येथेच रुजलेली आम्हा मराठी माणसांची घरेही त्यांत आहेत. गावाकडची शेती सुटलेल्या, वडिलोपार्जित धंदा नसलेल्या या मध्यमवर्गाला मुलांच्या हाती देण्याजोगी एकच इस्टेट ठाऊक आहे, आणि ती म्हणजे शिक्षण. म्हणूनच संध्याकाळी पाठीवर दप्तरे घेतलेली मुले ई-रिक्षांतून बाजाराकडे निघतात, तेथील इमारतींवर गतवर्षीच्या यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे टांगलेली असतात, आणि आत ‘फाउंडेशन’ या नावाखाली आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची पूर्वतयारी नववीपासून, कित्येकदा त्याहूनही आधी, चालू झालेली असते.

अशाच एका वर्गात जाणारी आमच्या मजल्यावरची एक मुलगी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे येऊ लागली. तिचे आईवडील मूळचे वऱ्हाडातले; वडिलांनी एकदा जिन्यातच मला थांबवून विचारले, “काका, जरा हिच्याकडे बघता का? बुद्धी कमी नाही हिची, पण लक्ष नाही.” लेखा खात्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाकडे वेळ होता आणि आकड्यांचा स्नेह होता, तेवढ्या भांडवलावर मी होकार दिला. पहिल्या संध्याकाळी मुलगी खाली मान घालून म्हणाली, “वर्गात सगळं समजतं हो काका, पण पेपर समोर आला की काही सुचतच नाही.” तिची वही उघडून पाहिली, तर तीत फळ्यावरची प्रत्येक ओळ सुवाच्य अक्षरात, रंगीत शाईने अधोरेखित करून उतरवलेली होती, आणि ‘असे का?’ असा प्रश्न मात्र एकाही समासात नव्हता. दर आठवड्याला त्या वर्गात परीक्षा होई, तिच्या निकालावरून मुलांची बॅच ठरे, आणि त्या पावसाळ्यात ती एका बॅचने खाली उतरली होती. चौदा वर्षांच्या मनाने तो फैसला स्वतःच्या बुद्धीविषयीचा अखेरचा निवाडा म्हणून स्वीकारून टाकला होता.

मदतीला बसलेल्या माणसाचे पहिले काम निदानाचे. मी तिला बहुपदीची उदाहरणे घालू लागलो, आणि थोड्याच दिवसांत ध्यानात आले, की बहुपदी तिला मुळीच कठीण वाटत नव्हती. कठीण जात होते ते बहुपदीच्या मध्येच डोकावणारे अपूर्णांक आणि कंसाबाहेरचे वजाचे चिन्ह. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज घाईत ती दोन पंचमांश लिहून जाई, आणि पुढचे पाऊणपान निर्दोष रीतीने सोडवूनही उत्तर चुके. याचे मूळ शोधायला फार दूर जावे लागले नाही. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या शाळा बंद झाल्या आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे प्राथमिक वर्गांतील मुले बहुतांशी घरीच राहिली; तिच्या वयाची मुले तेव्हा तिसरीचौथीच्या उंबरठ्यावर होती, म्हणजे अपूर्णांकांची ओळख ज्या वयात कागद दुमडून, पोळी वाटून, एकमेकांच्या पाटीत डोकावून व्हायची, त्या वयात ती त्यांना हातभर लांबीच्या पडद्यातून झाली. त्यांची वरची इयत्ता चुकली नाही, परंतु खालचा पाया कच्चा राहिला, आणि त्याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात नाही. आमच्या सेक्टर बारामध्ये लोदीकाळातील लोहारहेडीची बावडी आहे. अशा विहिरीतील पाणी काठावरून हात लांबवून मिळत नसते, पायरी पायरी उतरूनच तेथे पोहोचावे लागते. नववीच्या मुलाला मदत करणाऱ्यानेही, ज्या पायरीवर त्याची समजूत थांबली तेथवर त्याच्यासोबत निमूटपणे उतरावे, मग ती पायरी पाचवीची असो वा तिसरीची. आणि उतरताना, ‘एवढेही येत नाही?’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नये, कारण त्या एका वाक्याने मूल आपले अज्ञान लपवायला शिकते, आणि लपवलेल्या अज्ञानावर उपाय नसतो.

अपूर्णांक मार्गी लागल्यावर बीजगणितातील एक जुनाट दुखणे वर आले. अ अधिक ब यांचा वर्ग ती अ वर्ग अधिक ब वर्ग असा लिही. मी म्हटले, अच्या जागी तीन आणि बच्या जागी चार ठेवून पाहा. साताचा वर्ग एकोणपन्नास, आणि नऊ नि सोळा मिळून पंचवीसच, हे तिने तत्काळ दाखवले, पण दोन दिवसांनी पुन्हा तीच चूक कागदावर उतरली. आकड्यांनी चूक उघडी पाडली होती, परंतु चोवीस गेले कोठे, याचा पत्ता दिलेला नव्हता. मग आलेखाच्या कागदावर सात घरांचा एक चौरस आखला, त्याच्या दोन्ही कडा तीन आणि चार अशा विभागल्या, आणि रेषा आरपार नेल्या. नऊ घरांचा एक चौरस, सोळा घरांचा दुसरा, आणि त्यांच्या बगलेत बारा-बारा घरांचे दोन आयत. ती बराच वेळ बोट ठेवून घरे मोजत राहिली, आणि मग तिनेच विचारले, “आणि मध्ये वजा असेल तर?” मी काहीच बोललो नाही. तिने त्याच चौरसाच्या दोन बाजूंनी चार-चार घरे रुंदीच्या पट्ट्या रेखाटून खोडल्या, उरलेला नऊ घरांचा चौरस पाहिला, एकोणपन्नासातून अठ्ठावीस दोनदा वजा करता येईनात म्हणून थबकली, आणि मग म्हणाली, “हा कोपरा दोनदा कापला गेला ना? मग सोळा एकदा परत द्यायला पाहिजेत.” ज्या सूत्रातील अधिकचे चिन्ह ती वर्षभर घोकून विसरत होती, ते तिने त्या क्षणी स्वतः मिळवले, आणि स्वतः मिळवलेले चिन्ह पुन्हा विसरल्याचे मी पाहिलेले नाही.

त्याहून मोठी अडचण दोनच्या वर्गमुळाची होती. ते अपरिमेय असल्याच्या ज्या सिद्धतेची पाळी शालेय पुस्तकात दहावीत येते, ती त्या वर्गात नववीच्या आरंभीच देऊन टाकली होती, आणि मुलीला ती मंत्रासारखी मुखोद्गत होती: समजा हे वर्गमूळ एक अपूर्णांक आहे, समजा तो अतिसंक्षिप्त रूपात आहे, आणि मग काही ओळींनंतर विसंगती. मी विचारले, अतिसंक्षिप्त रूपच का धरायचे? ती म्हणाली, “तसंच लिहायचं असतं.” तेव्हा सिद्धता बाजूला ठेवून आम्ही त्या अपूर्णांकाच्या शोधालाच निघालो. सात पंचमांश घेतला. साताचा वर्ग ४९ आणि पाचाच्या वर्गाची दुप्पट ५०, एकाने हुकले. मग मी तिला एक रीत सांगितली: अंश आणि छेद यांची बेरीज हा नवा छेद मानावा, आणि त्यात जुना छेद आणखी एकदा मिळवून नवा अंश करावा. ७/५ वरून १७/१२ आला. २८९ आणि २८८, पुन्हा एकानेच हुकले, पण या वेळी दुसऱ्या अंगाला. ४१/२९ आला, १६८१ आणि १६८२. ९९/७० आला, ९८०१ आणि ९८००. तिचे डोळे चमकू लागले, आणि ती न सांगता पुढे जात ५७७/४०८ पर्यंत पोहोचली. ३३२९२९ आणि ३३२९२८. तेव्हा मी तिला सांगितले, की वेदी रचणाऱ्यांसाठी लिहिलेल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात दोनच्या वर्गमुळासाठी जी किंमत दिली आहे, ती हीच होय: एक, अधिक एक तृतीयांश, अधिक त्याचा चतुर्थांश, वजा त्याचाही चौतिसावा भाग, बेरीज करून पाहा. तिने छेद ४०८ घेऊन बेरीज केली, ५७७ मिळाले, आणि क्षणभर थांबून तिने तो प्रश्न विचारला, ज्याच्या प्रतीक्षेत मी बसलो होतो: “पण काका, हा एकाचा फरक कधीतरी शून्य होईल का?”

तो प्रश्न उमटेपर्यंत सिद्धता हे केवळ एक फर्मान असते. तो उमटल्यावर तिची गरज निर्माण होते. आता आम्ही सावकाश लिहू लागलो. असा अपूर्णांक असेल, तर त्याला भाग देता येईल तेवढा देऊन संपवू, म्हणजे अंश आणि छेद दोन्ही सम असे राहणार नाहीत. अंशाचा वर्ग हा छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंश समच असला पाहिजे. अंश सम, तर त्याचा वर्ग चौपटीत मोडतो, म्हणून छेदाचा वर्गही सम, आणि छेदही सम. येथे तिने पेन्सिल खाली ठेवली आणि जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाली, “दोघं सम कशी असतील? आपण तर भागून संपवलं होतं ना!” विसंगती या शब्दाचा अर्थ तिला त्या तक्रारीत सापडला, आणि अतिसंक्षिप्त रूप आधी का धरायचे, हेही मला सांगावे लागले नाही. ज्या चार ओळी वर्गात काही मिनिटांत आटोपल्या होत्या, त्यांना आमची जवळजवळ सबंध संध्याकाळ लागली. परंतु त्या संध्याकाळीच तिला प्रथम उमगले, की अनंत उदाहरणे तपासूनही जे ठरत नाही ते चार ओळींच्या विचाराने कायमचे ठरवता येते.

भूमितीतही तोच झगडा निराळ्या वेशात आला. दोन रेषा परस्परांना छेदतात तेव्हा समोरासमोरचे कोन समान असतात, हे सिद्ध करताना ती म्हणाली, “दिसतंच आहे, मग सिद्ध कशाला करायचं?” ही शंका उडवून लावण्यासारखी नाही, चांगल्या बुद्धीलाच ती येते. डोळ्याला एक आकृती दिसते, आणि सिद्धता ही काढलेल्या आणि कधीच न काढल्या जाणाऱ्या सर्व आकृत्यांबद्दलचा करार असतो, एवढेच मी सांगू शकलो. ज्या सवाई जयसिंगाने १७२४ मध्ये याच दिल्लीत जंतरमंतर उभारले, त्याच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणला. खगोलाची गणिते आपल्या परंपरेत विपुल असताना एका संस्कृत पंडिताने अरबी भाषा शिकून हा खटाटोप केला, कारण त्या ग्रंथात उत्तरांहून निराळे काही होते. एका विधानावर दुसरे विधान रचत जाण्याची ती शिस्त होती. आपल्या नववीच्या पुस्तकातील एका प्रकरणामागे एवढा प्रवास आहे, हे मुलीला सांगितले तेव्हा तिने ते प्रकरण पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतले.

शिकवणाऱ्याच्या स्वराविषयीही येथे लिहिले पाहिजे. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी रचलेल्या ‘लीलावती’तील उदाहरणे कोणाला तरी प्रेमाने संबोधून घातलेली आहेत, कधी बालेला, कधी मित्राला, कधी गणकाला. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये त्या ग्रंथाचा फारसी अनुवाद केला, तेव्हाही त्याच्याबरोबर एका पित्याची आणि कन्येची कथा फिरू लागली; कथेची ऐतिहासिकता काहीही असो, वाचकांना त्या पुस्तकात एक वत्सल आवाज ऐकू आला होता, एवढे तीवरून निश्चित होते. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांच्या खटपटीने चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाले, याचा शिलालेख आजही उपलब्ध आहे. गणित शिकायला निवांतपणा लागतो आणि त्या निवांतपणाची तजवीज समाजाने करावी लागते, हे ते दान देणाऱ्या निकुंभ सरदारांना उमजले होते. आम्ही मात्र मुलांचा निवांतपणा दर आठवड्याच्या परीक्षेत खर्ची घालून बसलो आहोत.

आणि शाळेतील बीजगणित ही काही खालच्या दर्जाची, लवकर ओलांडून जाण्याची गोष्ट नव्हे. उज्जैनला १९३० मध्ये जन्मलेले, ग्वाल्हेरात गणिताचे प्राध्यापक असलेल्या शंकर केशव अभ्यंकरांचे चिरंजीव श्रीराम अभ्यंकर पुढे अमेरिकेतील परड्यू विद्यापीठात बैजिक भूमितीचे जगन्मान्य पंडित झाले. तरी शालेय बीजगणिताच्या सामर्थ्याविषयी ते आयुष्यभर आग्रहाने बोलत राहिले. वर्गसमीकरण सोडवण्याच्या श्रीधराचार्यांच्या रीतीचा ते आदराने उल्लेख करीत: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग दोहोंत मिळवावा, म्हणजे अपूर्णांकांच्या जंजाळात न शिरता पूर्ण वर्ग हाती येतो. त्यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या ज्या प्रबंधवजा लेखाला १९७८ चे शॉव्हने पारितोषिक मिळाले, त्यातही त्यांनी या शालेय पद्धतींची बाजू मांडली, आणि त्याच १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानाची स्थापना केली. एवढ्या अधिकाराच्या पुरुषाला ज्या पायरीवर रमावेसे वाटले, त्या पायरीवर आमची मुले थोडी अधिक रेंगाळली तर त्यांचे नुकसान होते, हे मी मानायला तयार नाही. आलेखाच्या कागदावरचा तो सात घरांचा चौरस आणि श्रीधराचार्यांचा पूर्ण वर्ग यांत अंतर फार थोडे आहे, आणि ते अंतर नववीतील मुलगी चालून जाऊ शकते.

दिवाळीच्या सुमारास तिच्या घरी एक निराळाच विचार सुरू झाला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन पातळ्या ठेवल्या आहेत. अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी निराळी. पुढे गणित घ्यायचे नसेल त्याला ही सवलत रास्तच आहे, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. परंतु एका सहामाहीच्या गुणांवरून, भीतीच्या भरात, दीड वर्ष आधीच ती घेण्याचा ठराव करणे म्हणजे मुलाची कैफियत न ऐकताच निकाल देणे होय. मी तिच्या वडिलांना एवढेच सुचवले, की संध्याकाळी ती वर्गातून आली म्हणजे ‘किती मार्क पडले?’ असे न विचारता, ‘आज काय पटलं?’ असे विचारा. आणि तिला उत्तर देता आले नाही तर रागावू नका, सोबत बसा. त्यांना स्वतःला ते गणित येत नाही, अशी अडचण त्यांनी सांगितली. मी म्हटले, येत नसेल तर अधिकच बरे. मुलीने तुम्हाला समजावून सांगावे, कारण दुसऱ्याला सांगताना जेथे वाणी अडते तेथेच समजूत तुटलेली असते. ते बसू लागले. आईही भाजी निवडता निवडता ऐकू लागली, आणि मध्येच ‘हे कशावरून गं?’ असे विचारू लागली, जो सर्व गणिताचा मूळ प्रश्न आहे.

मदतनिसाने करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या कष्टाने पाळाव्या लागतात. मुलाच्या हातून पेन्सिल घेऊ नये. उदाहरण त्याने मोठ्याने वाचावे, आणि दिलेले काय, मागितलेले काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगावे. ते स्तब्ध झाले तर त्या स्तब्धतेला मुदत द्यावी; बाहेरून दिसणाऱ्या त्या रिकाम्या मिनिटांतच विचार चाललेला असतो. चुकलेले उत्तर खोडण्याआधी ते कोणत्या समजुतीतून आले याचा तपास करावा, कारण मुलांच्या चुका बहुधा अकारण नसतात, त्यांच्यामागे एक अर्धवट पण प्रामाणिक तर्क असतो. आणि प्रत्येक बैठकीच्या अखेरीस एक तरी गोष्ट अशी असावी, की जी मुलाने स्वतःच्या बळावर सिद्ध केली आहे.

वार्षिक परीक्षेत आमच्या मजल्यावरच्या त्या मुलीला उत्तम म्हणावेत असे गुण मिळाले नाहीत. मध्यम मिळाले, आणि तिची बॅचही बदलली नाही. परंतु आता ती वर्गात हात वर करून शिक्षकांना मध्येच थांबवते, आणि दहावीला स्टँडर्ड गणितच घेणार, हे तिने घरात स्वतः सांगितले आहे. द्वारकेतल्या प्रत्येक सोसायटीत निवृत्त अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत, शिक्षिका आहेत, ज्यांच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत. आणि प्रत्येक मजल्यावर नववीतले एखादे मूल आहे, जे आपल्याला बुद्धी नाही असे मनाशी ठरवण्याच्या बेतात आहे. ते तसे ठरवून बसण्यापूर्वी, वाचकहो, त्याच्याशेजारी एक खुर्ची ओढून बसा, आणि त्याचे उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याआधी ते त्याने कसे काढले, हे त्याला विचारा.